गावाचं स्वतःचं ब्रॉडबँड: पहिल्या बैठकीपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

मोबाइलचा मनोरा डोंगरापलीकडे. फायबरवाली कंपनी तालुक्याच्या ठिकाणी येऊन थांबलेली. पुढे कधी येणार असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: तुमच्याकडे घरं कमी, परवडत नाही. हे उत्तर खोटं नाही. कंपनीला खोदाईचे, परवानग्यांचे, माणसांचे आणि नफ्याचे पैसे त्याच घरांमधून काढायचे असतात. गावाला नफा काढायचा नसतो आणि शेतातून चर खणायला बाहेरचा ठेकेदार लागत नाही. त्यामुळे कंपनीला न परवडणारं काम गावाला परवडू शकतं. मात्र त्यासाठी गावाला एक छोटी, काटेकोर संस्था चालवता आली पाहिजे. हा लेख त्याच कामाबद्दल आहे.

हे आधी कुणी केलंय का? इंग्लंडच्या लँकशायर भागातल्या शेतकऱ्यांनी केलंय. ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ ही त्यांची संस्था २०११ साली उभी राहिली. लोकांनी शेअर घेऊन भांडवल जमवलं, शेतकऱ्यांनी आपल्या रानातून फायबर फुकट जाऊ दिलं, बऱ्याच ठिकाणी चरही स्वतःच खणले. खणणाऱ्याला मोबदला शेअरच्या रूपातही घेता येत असे. सुरुवातीच्या वर्षांत महिन्याला ३० पौंडांत घरोघरी एक गिगाबिटचा, म्हणजे १,००० एमबीपीएसचा वेग मिळाला, आणि तोही डाउनलोड-अपलोड दोन्हीकडे सारखा. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच, आणि संस्थेची मालमत्ता कुणाला विकून पैसे वाटून घेता येत नाहीत.

स्पेनमधल्या कातालोनियात ओसोना भागात २००४ साली छपरावरच्या अँटेनांपासून गुईफी-नेट सुरू झालं. तिथे नेटवर्क ही सगळ्यांची सामाईक मालमत्ता. सामाईक करारनामा मान्य करणारा कुणीही त्यात भर घालू शकतो. त्यावर धंदा करणाऱ्या छोट्या कंपन्यांनी कुणी किती गुंतवलं आणि कुणी किती वापरलं याचा हिशेब ठेवून एकमेकांची भरपाई करायची, अशी पद्धत आहे.

आपल्याकडे पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईने 'ग्राम मार्ग' हा प्रयोग केला. आधी टीव्हीच्या वापरात नसलेल्या लहरींवर, नंतर ५.८ गिगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात. २०१७ साली फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. त्यात पंचायतीला नुसतं ग्राहक न ठेवता भागीदार केलं होतं.

खरं तर पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला यात नवीन काही वाटू नये. नदीवरून उपसा सिंचनाची पाइपलाइन दहा जणांच्या रानातून, बांधाबांधाने चार-पाच किलोमीटर नेण्याचं काम त्याने केलेलं आहे. कुणाच्या रानातून पाइप जाणार, फुटला तर कोण काढणार, मोटरीचं बिल कसं वाटायचं, पाळी कशी लावायची हे तेव्हाच ठरलेलं असतं. इथे पाइप बोटाएवढा बारीक आहे, एवढंच.

आधी कायदा

घरगुती ब्रॉडबँडचं एक कनेक्शन घ्यायचं आणि पैसे घेऊन शेजारच्या दहा घरांना वाटायचं, हे बेकायदा आहे. गावातले बरेच वायफाय असेच सुरू होतात. त्यावरून कुणी ऑनलाइन फसवणूक केली की पोलीस ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्या दारात येतात. सरळ मार्ग तीन आहेत.

पहिला, पीएम-वाणी. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये ही सार्वजनिक वायफायची योजना मंजूर केली. किराणा दुकान, दूध संस्था, पंचायत कार्यालय अशी कुणीही जागा 'पब्लिक डेटा ऑफिस' होऊ शकते. तिला परवाना लागत नाही आणि नोंदणीची फीही नाही. ग्राहकाची ओळख पटवणं आणि हिशेब ठेवणं हे काम दूरसंचार विभागाकडे नोंदलेला ॲग्रिगेटर (अनेक केंद्रं एकत्र सांभाळणारी कंपनी) करतो. पूर्वी अडचण अशी होती की अशा केंद्रांना कंपन्या महागडी लीज्ड लाइनच (धंद्यासाठीची राखीव लाइन) घ्यायला लावायच्या. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने आदेश काढला: २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन या केंद्रांना घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त दराने देता येणार नाहीत. चावडी, शाळा, एसटी थांबा यांसाठी हा मार्ग उत्तम आहे. घरोघरी फायबर मात्र याने होत नाही.

दुसरा मार्ग, परवानाधारक इंटरनेट कंपनीशी भागीदारी. गावातलं नेटवर्क तुमच्या संस्थेचं. बँडविड्थ (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटची क्षमता), ग्राहकाचं केवायसी, वापराच्या नोंदी आणि जीएसटीचं बिल कंपनीचं. महिन्याच्या वसुलीत ठरलेला वाटा. महाराष्ट्रातले शेकडो केबलवाले याच पद्धतीने चालतात, बीएसएनएलही स्थानिक भागीदारांमार्फत फायबर जोडण्या देतं. माझ्या मते ५० ते ३०० घरांच्या गावाने डोळे मिटून हाच मार्ग धरावा.

तिसरा मार्ग, स्वतःचा परवाना. इंटरनेट सेवेचे परवाने देशभर, राज्यभर आणि लहान क्षेत्रापुरते अशा वर्गांत दिले जात आले आहेत, आणि ते कंपनीला मिळतात, सहकारी संस्थेला नाही. शिवाय नोंदी जपणं, तपास यंत्रणांना माहिती पुरवणं, वार्षिक पूर्तता हे सगळं अंगावर येतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने परवान्यांची चौकटच बदलत आहे, म्हणून या वाटेने जायचं तर दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' पोर्टलवरचे चालू नियम वाचूनच जा. पाच-सात गावं एकत्र आली आणि हजारभर जोडण्या दिसू लागल्या, तर हा विचार करावा.

किती घरं, खरोखर?

बैठकीत सगळेच हात वर करतात. तो आकडा धरू नका. घरटी ५०० रुपये परत मिळणारी अनामत घ्या आणि पावती द्या. जे पैसे देतील तीच तुमची घरं. ही वसुली बचत गटाच्या बायकांकडे सोपवा. दर महिन्याला घरोघरी फिरून पैसे गोळा करणं आणि वही जुळवणं त्यांच्या हातचं काम आहे. पुढे महिन्याची वर्गणीही त्यांच्याचमार्फत गोळा होऊ शकते.

सोबत नकाशा काढा. प्रत्येक घर, विजेचा प्रत्येक खांब, पाण्याची टाकी, शाळा, देऊळ, उंच झाडं, ओढे आणि मोऱ्या. मोबाइलवर जागांच्या खुणा टिपून ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या मोफत ऑनलाइन नकाशावर चढवल्या की कामाचा नकाशा तयार होतो. कोणती घरं एकमेकांपासून ५० मीटरच्या आत आहेत आणि कोणती रानात वस्तीवर आहेत, हे वेगळं दाखवा. गावठाण आणि वस्त्या यांचं तंत्र वेगळं असणार आहे.

इंटरनेट येणार कुठून?

गावातली वायर कितीही चांगली टाकली तरी गावात येणारी लाइन बारीक असेल तर सगळं वाया. आधी ग्रामपंचायत कार्यालयात जा. भारतनेट ही पंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ साली वेगळ्या नावाने मंजूर झाली, आणि महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचं काम राज्य सरकारच्या महाआयटी कंपनीने महानेट म्हणून हाती घेतलं. तुमच्या कार्यालयात तिचा डबा भिंतीवर असण्याची शक्यता बरीच आहे. तो चालू आहे का, हा पुढचा प्रश्न. पंधरा दिवस रोज सकाळी आणि रात्री नऊ वाजता वेग मोजून वहीत लिहा. लाइन किती वेळा गेली आणि दुरुस्तीला किती दिवस लागले, तेही लिहा. ही वही पुढे ब्लॉक ऑफिसात आणि कंपनीशी बोलताना कामी येते.

दुसरा पर्याय म्हणजे जवळच्या बाजारगावातून परवानाधारक कंपनीची लाइन घेऊन ती वायरलेसने गावात आणणं. लाइन घेताना एकच विचारा: ही बँडविड्थ फक्त आमची की वाटून दिलेली? वाटून दिलेली १ गिगाबिट रात्री नऊला ८० एमबीपीएस होऊ शकते. फक्त तुमच्यासाठीची २०० ही २००च राहते.

लागते किती? गर्दीच्या वेळी, म्हणजे रात्री आठ ते अकरा, घरटी सरासरी २ ते ३ एमबीपीएस धरा. प्रत्येक घराला ५० किंवा १०० चा प्लॅन दिला तरी सगळे एका क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत. ६० घरांना १२० ते १८० होतात, म्हणून २०० घ्या. आयपीएलच्या दिवसांत वापराचा आलेख बघा आणि पुढची वाढ त्यावरून ठरवा.

वायरलेस: नजर, झाड आणि गणित

वायरलेसने दोन गोष्टी कराव्यात: बाजारगावातून गावापर्यंत लाइन आणणं, आणि रानातल्या सुट्या वस्त्यांना जोडणं. गावठाणात घराघरांना वायरलेसने जोडायच्या फंदात पडू नका. पहिलं वर्ष स्वस्तात जातं, पण नंतर प्रत्येक नवी अँटेना जुनीला त्रास देऊ लागते.

आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले. लांबच्या जोडणीसाठी ५.८ चा पट्टा वापरा. तिथे अँटेनातून बाहेर पडणाऱ्या प्रभावी शक्तीची मर्यादा ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम आहे (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक). पट्टा परवानामुक्त असला तरी उपकरणाला सरकारची टाइप मंजुरी लागते. बाहेरून मागवलेला स्वस्त रेडिओ, म्हणजे सिग्नल पाठवणारं-घेणारं यंत्र, घेण्याआधी ती आहे का ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. टीव्हीच्या मोकळ्या लहरींवरचे प्रयोग वाचून मोहात पडू नका. त्या पट्ट्यात आपल्याला मोकळीक नाही.

आता नजर. या टोकावरून ते टोक दिसलं पाहिजे, पण नुसतं दिसून भागत नाही. लहरींना मधे फुगीर बोगद्याएवढी मोकळी जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ५ किलोमीटरच्या जोडणीत बरोबर मध्यावर तिची त्रिज्या सुमारे ८ मीटर असते. त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे नजरेच्या रेषेपासून जवळपास ५ मीटर, मोकळी हवी. १० किलोमीटरला हाच आकडा ७ मीटरच्या घरात जातो, आणि पृथ्वीच्या गोलाईसाठी आणखी दीड मीटर. म्हणून अँटेना पाण्याच्या टाकीवर जातात.

पाहणी कधी करायची हे त्याहून महत्त्वाचं. मार्चमध्ये टेकडीवरून बघितलं तर सागाच्या रानातून आरपार दिसतं, कारण पानगळ झालेली असते. तोच साग जुलैत ताटाएवढ्या, ओल्या पानांची भिंत उभी करतो आणि जोडणी तुटते. सप्टेंबरात पाहणी केलीत तर फसणार नाही. उन्हाळ्यात करावी लागली तर झाड बिनपानाचं दिसलं तरी अडथळाच समजा. आंब्याचं कलम आज कमरेएवढं आहे म्हणून सोडू नका, पाच वर्षांनी ते नजरेच्या रेषेत येईल.

सिग्नलचं गणित वहीत करता येतं. ५ किलोमीटरला, ५.८ गिगाहर्ट्झवर, मोकळ्या हवेतच सुमारे १२२ डीबी वाया जातात (डीबी हे सिग्नलची घट-वाढ मोजायचं एकक, अँटेनाची ताकद डीबीआयमध्ये सांगतात). ३६ मधून १२२ वजा केले, समोरच्या अँटेनाची २३ डीबीआय ताकद मिळवली, उरले उणे ६३ डीबीएम. ही जोडणी चांगली चालेल. बसवल्यावर रेडिओच्या सेटिंगच्या पानावर उणे ६३ च्या आसपास दिसलं तर काम बरोबर. उणे ७५ दिसलं तर अँटेना नीट वळलेली नाही किंवा मधे काहीतरी आहे. 'चालतंय की' म्हणून खाली उतरू नका.

५ गिगाहर्ट्झला पावसाने फारसा फरक पडत नाही. ६० गिगाहर्ट्झचे रेडिओ मात्र कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या मुसळधार पावसात लोळण घेतात. शिवाय त्या पट्ट्याला आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झसारखी मोकळीक नाही, म्हणून त्यांच्या नादी लागू नका. आणि एकच रेडिओ सिग्नल घेतोय आणि तोच पुढे देतोय अशी साखळी करू नका, प्रत्येक टप्प्याला वेग निम्मा होतो. मधल्या ठिकाणी दोन वेगळे रेडिओ लावा.

फायबर: गावठाणाचं खरं उत्तर

गावठाणात जीपॉन पद्धतीचं फायबर घाला. पंचायतीत किंवा दूध संस्थेच्या खोलीत एक ओएलटी, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडणारी मुख्य पेटी, बसते. तिच्या एका पोर्टवरून निघालेली फायबरची एक काडी प्रकाश वाटणाऱ्या स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. वाटेत वीज लागत नाही. एका पोर्टवर खाली येणारा वेग सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारा १.२५ असतो, तो त्या सगळ्या घरांत मिळून. पल्ला २० किलोमीटरपर्यंत जातो, म्हणजे गावाला अंतराची काळजीच नाही.

काळजी करायची ती प्रकाशाच्या गळतीची. ओएलटीच्या नेहमीच्या बी-प्लस वर्गात एकूण २८ डीबी गळती चालते. ४ किलोमीटर फायबरमध्ये दीड डीबीच्या आत जाते. १:३२ स्प्लिटर साडेसतरा खातो. चार कनेक्टर मिळून दोन, सहा जोड मिळून अर्ध्याच्या जरा वर. बेरीज साडेएकवीसच्या आसपास, म्हणजे साडेसहा हातात राहिले. ते उधळू नका. पुढच्या काही वर्षांत तुटलेली वायर जोडताना तेच कामी येणार आहेत. प्रत्येक घरात जोडणी देताना पॉवर मीटरने लाइट मोजा आणि घराच्या नावासमोर लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २४ डीबीएममधे असेल तर निश्चिंत. उणे २७ म्हणजे आज चालेल आणि पहिल्या पावसात बंद पडेल.

मुख्य वायरला साधं सिंगल-मोड फायबर चालतं. घरात शिरणाऱ्या ड्रॉप वायरला मात्र वाकवलं तरी गळती न होणारं जी-६५७ घ्या, कारण लोक वायर कपाटामागे दाबून टाकतात. फायबरचे जोड मारायचं स्प्लायसिंग मशीन सुरुवातीला विकत घेऊ नका. तालुक्याला केबलच्या कामाची पोरं ते भाड्याने किंवा जोडामागे पैसे घेऊन आणतात. पॉवर मीटर आणि लाल लाइटचा पेन मात्र स्वतःचा हवाच. तुटलेली जागा शोधायला निम्म्या वेळा तेवढंच पुरतं.

वायर वरून की जमिनीतून? वरून स्वस्त, पण महावितरणच्या खांबांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही. करंटचा धोका खराच, शिवाय लाइनमन एका सकाळी सगळं कापून टाकू शकतो. परवानगी मिळाली तर खांबाला, नाहीतर स्वतःचे लोखंडी खांब. रस्ता ओलांडताना वायर उसाने शीग लावून भरलेल्या ट्रॉलीच्या वर गेली पाहिजे. कारखाना सुरू झाला की खाली लोंबणारी प्रत्येक वायर पहिल्या आठवड्यात तुटते. उसाच्या फडाशेजारून वायर नेऊ नका. पाचट पेटवलं की प्लास्टिक वितळतं आणि तक्रार कुणावर करणार, फड ज्याचा तोही तुमचाच सभासद.

जमिनीतून न्यायची तर बांधाच्या कडेने, नांगराच्या खूप खाली, निदान अडीच-तीन फुटांवर एचडीपीई पाइप टाका आणि त्यात फायबर ओढा. पाइपवर फूटभर माती टाकून पिवळी इशारा पट्टी पसरा, म्हणजे जेसीबीवाल्याला आधी ती दिसेल. रब्बी निघाल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिल, रानं मोकळी असतात तेव्हाच हे काम होतं. शेतमालकाची संमती साध्या कागदावर पण लेखी घ्या, गट नंबरासकट: वायर कुठून जाते, दुरुस्तीला माणूस रानात कधी येऊ शकतो, पिकाचं नुकसान झालं तर काय. भावाभावांत वाटणी न झालेल्या जमिनीवर सगळ्यांच्या सह्या घ्या. रस्ता ओलांडायला तो ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी लागते, मग ती पंचायत असो, जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम. जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे (वायर नेण्याच्या हक्काचे) नवे केंद्रीय नियम लागू झाले आहेत, पण ते परवानाधारकासाठी आहेत. म्हणून हा अर्ज भागीदार कंपनीच्या नावाने जाऊ द्या.

वीज येते, वीज जाते, वीज पडते

एका टप्प्यावर दोन रेडिओ आणि एक स्विच मिळून ३० वॉट धरा, म्हणजे दिवसाला ७२० वॉट-तास. १२ व्होल्टची १०० एएच लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे तिच्यात कामाचे ६०० वॉट-तास. एवढ्यात एक पूर्ण दिवस निघत नाही, दोन बॅटऱ्या लागतात. टेकडीवर लाइन नसेल तर सोलरचा हिशेब उन्हाळ्यावर करू नका. पावसाळ्यात दिवसाला जेमतेम अडीच तासांचं पूर्ण ऊन मिळतं असं धरून आणि नासाडी मोजून ४०० वॉटचं पॅनेल लागतं. शेतीच्या फीडरवर उपकरण ठेवू नका, तिथली वीज ठरावीक तासांचीच असते. गावठाणच्या फीडरवर ठेवा.

उपकरणं सगळ्यात जास्त मरतात ती मे महिन्याच्या वळवाच्या पावसात. वीज थेट पडावी लागत नाही, जवळपास पडली तरी तांब्याच्या वायरमधून धक्का आत येतो. मनोऱ्याला स्वतंत्र अर्थिंग करा, त्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घाला, रेडिओच्या वायरला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावा. मनोऱ्यापासून ओएलटीच्या खोलीपर्यंत तांब्याऐवजी फायबरच न्या, म्हणजे धक्का आत यायला वाटच उरत नाही. इथे वाचवलेले दोन हजार रुपये पुढच्या मे महिन्यात चाळीस हजारांना पडतात.

टाकीवर चढणाऱ्याला सेफ्टी बेल्ट आणि खाली एक माणूस हवाच. हा नियम पंचायतीच्या ठरावातच घाला.

आतली जोडणी

इथे फार लांबण लावत नाही. एक बऱ्यापैकी राउटर घ्या. मायक्रोटिक कंपनीचा राउटर जाणणारी पोरं तालुक्याला मिळतात, हे तो घ्यायला पुरेसं कारण आहे. प्रत्येक घर दुसऱ्यापासून वेगळं ठेवा, म्हणजे एकाच्या संगणकातला व्हायरस साऱ्या गावात फिरणार नाही. कारखान्यातून आलेले पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि नवे बंद पाकिटात संस्थेच्या कपाटात ठेवा, नुसते एका पोराच्या डोक्यात नकोत. लॉगिन आणि नोंदींची जबाबदारी भागीदार कंपनीच्या यंत्रणेवर टाका. मराठी विकिपीडिया आणि शाळेचे व्हिडिओ ठेवलेला एक छोटा सर्व्हर गावातच लावला, तर बाहेरची लाइन गेली तरी शाळा चालते.

पैसा: घसारा विसरलेलं गाव

समजा सुरुवातीचा सगळा खर्च ६ लाख आला आणि घरं ६० आहेत. महिन्याला ४०० रुपये, जीएसटी सोडून, म्हणजे वसुली २४,००० रुपये. त्यातून बँडविड्थ ११,०००, दुरुस्ती करणाऱ्या पोराचा पगार ६,०००, वीज १,५००, बँक आणि हिशेब ५००. खर्च १९,०००, शिल्लक ५,०००. बैठकीत टाळ्या पडतात. पण ही उपकरणं सहा वर्षांनी बदलायची आहेत. ६ लाखांना ७२ महिन्यांनी भागलं की महिन्याला ८,३३३ रुपये बाजूला पडायला हवेत. म्हणजे शिल्लक नाहीच, महिन्याला ३,३३३ रुपयांची तूट आहे. ती पहिल्या तीन वर्षांत दिसत नाही, चौथ्या वर्षी बॅटऱ्या गेल्या की दिसते.

मार्ग तीनच: घरं ८० करा, दर ४६० करा, किंवा श्रमदानाने सुरुवातीचा खर्चच कमी करा. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील, पण घसाऱ्याची, म्हणजे उपकरणं बदलायला बाजूला काढायच्या पैशांची, ओळ वहीत पहिल्या महिन्यापासून असलीच पाहिजे आणि ते पैसे वेगळ्या खात्यात. आमदार फंडातून किंवा कंपन्यांच्या सीएसआर निधीतून उपकरणं फुकट मिळाली तरी ती ओळ खोडू नका. फुकट मिळालेलं उपकरण बदलायला दुसऱ्यांदा कुणी देत नाही.

संस्था आणि माणसं

सहकारी संस्था नोंदवायला वेगवेगळ्या कुटुंबांतले निदान दहा जण लागतात. गावात आधीच शेतकरी उत्पादक कंपनी किंवा चांगली चालणारी दूध संस्था असेल तर उपविधी तपासून तिच्याच छत्राखाली, पण वेगळ्या बँक खात्याने, काम सुरू करणं सोपं. ग्रामसभेचा ठराव घ्या: टाकी, कार्यालयाची खोली आणि गच्ची किती वर्षांसाठी, कोणत्या अटींवर. मुदत पाच वर्षांपेक्षा कमी नको, नाहीतर सरपंच बदलला की कुलूप बदलतं. मालकी पंचायतीची ठेवू नका, तिला एक जागा समितीत द्या.

पगारी माणूस हवा. 'गावची पोरं बघतील' यावर चालणारं नेटवर्क पहिल्या लग्नसराईत बंद पडतं. आयटीआय केलेले दोघं शोधा. एक पगारी, दुसरा हाताखाली. एक जण पुण्याला नोकरीला गेला तरी काम थांबत नाही. दोघांनाही जोड मारणं, मीटर वाचणं आणि राउटर परत चालू करणं यायला हवं. ओळखीने कुणाला फुकट जोडणी नाही, अगदी सरपंचालाही नाही. हा नियम पहिल्या दिवशी मोडला तर वर्षभरात निम्मी घरं पैसे देणं थांबवतात.

करारातली चार कलमं

भागीदार कंपनीचा छापील करार तसाच सही करून देऊ नका. वायर, खांब, पाइप, ओएलटी ही संस्थेची मालमत्ता आहे असं यादीसह लिहून घ्या. कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली तरी दर आणि वाटा बदलणार नाहीत. बाहेरची लाइन किती तासांत दुरुस्त होणार आणि न झाल्यास किती पैसे कापले जाणार. आणि ९० दिवसांची नोटीस देऊन तुम्ही दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकता, आणि तोवर पहिली कंपनी गावातल्या ग्राहकांना थेट जोडण्या देऊ लागणार नाही. या शेवटच्या कलमावर कंपनी अडून बसते. तुम्हीही बसा, कारण गावात गिऱ्हाईक तयार आहे हे तुम्ही दाखवून दिल्यावर थेट यायचा मोह तिलाच होणार असतो.

वेळापत्रक साधारण असं धरा: सप्टेंबरात पाहणी, दिवाळीनंतर बैठक आणि अनामत, डिसेंबरपर्यंत करार आणि ठराव, जानेवारीत बाहेरची लाइन आणि दहा घरांची चाचणी, रब्बी निघाली की खोदाई, मेच्या पहिल्या आठवड्याआधी अर्थिंग तपासून काम बंद. जून ते सप्टेंबर एकही नवी जोडणी देऊ नका. त्या चार महिन्यांत काय तुटलं, किती वाजता, किती तासांत जोडलं एवढंच लिहा, आणि सप्टेंबरअखेर प्रत्येक घराचा लाइट पुन्हा मोजून जुन्या आकड्याशेजारी मांडा. ज्या घरात दोन डीबीपेक्षा जास्त फरक दिसेल तिथला जोड काढून नवा मारा. पलीकडची वाडी तोवर 'आम्हालाही द्या' म्हणत येणारच. तिला हीच वही दाखवा आणि ऑक्टोबरनंतरची तारीख द्या.